टाकून दिलेल्या फ्रेम्स : एका स्ट्रीट फोटोग्राफरच्या आत्मशंकेचं प्रकरण

हे प्रकरण ज्याचं आहे तो पस्तिशीतला, नोकरी सांभाळून बरीच वर्षं शहरात फोटो काढत फिरणारा. पोटासाठी फोटोग्राफी करावी लागत नाही, त्यामुळे बाहेरून कुणाचा तगादा नव्हता. तरीही दोनेक वर्षांपासून त्याचं काम आटत चाललं होतं. आधी रोजचं फिरणं सुट्टीच्या दिवसावर आलं, मग सुट्टीच्या दिवशीही कॅमेरा बॅगेतच राहायला लागला. माझ्याकडे आला तेव्हा कॅमेरा आणि लेन्स विकायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त हार्ड डिस्कवरच्या फोटोंचं काय करायचं ते ठरत नव्हतं. मी फोटो एडिटर आहे, दुसऱ्यांच्या ढिगातून कामाचं ते निवडणं हेच माझं रोजचं काम, म्हणून कुणीतरी त्याला माझं नाव सुचवलं होतं. "ताई, ठेवण्यासारखं काही आहे का, एवढंच बघा. बाकीचं मी पुसून टाकतो," असं तो म्हणाला.

त्याच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहायचं कारण असं की आत्मशंकेपुढे हात टेकलेले फोटोग्राफर मला नेहमी भेटतात, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी फक्त धीर मिळतो. तुझे फोटो छान आहेत, स्वतःवर विश्वास ठेव, वगैरे. या धीराने फारसं काही होत नाही. ज्याचा स्वतःच्या नजरेवरच भरवसा उरलेला नाही, तो दुसऱ्याच्या कौतुकावर कशाच्या जोरावर भरवसा ठेवणार? इथे आम्ही शंकेशी वाद घातला नाही, तिची तपासणी केली. तपासणीत ती बरीचशी खोटी निघाली आणि थोडी खरी. तो खरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तक्रार

त्याच्या बोलण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. पहिली, जे काही दिसतं ते आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं आहे. डबक्यातलं प्रतिबिंब, पावसातली छत्री, जाहिरातीच्या फलकापुढून जाणारा एकटा माणूस. कॅमेरा वर करायच्या आतच तो फोटो डोळ्यांपुढे छापून तयार असतो, आणि तो दुसऱ्याचा असतो. दुसरी गोष्ट, आपल्याला नजरच नाही, जे चार फोटो बरे आले ते योगायोगाने आले. तिसरी त्याने बऱ्याच उशिरा, चाचरत सांगितली. रस्त्यात अनोळखी माणसाकडे कॅमेरा वळवला की आपण त्याचं काहीतरी उचलून पळतोय असं वाटतं.

स्वतःचं निदानही त्याने करून आणलं होतं : इंपोस्टर सिंड्रोम. ही कल्पना १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी मांडली, कर्तृत्ववान स्त्रियांबरोबरच्या त्यांच्या कामातून. चांगलं यश मिळवूनही 'आपण इतरांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडणार' असं ज्यांना वाटत राहतं, त्यांच्याबद्दल ती आहे. त्यांनी तिला आजार म्हटलेलं नव्हतं. आता हा शब्द कुठेही चिकटवला जातो. त्याला या नावाने थोडं बरं वाटलं होतं खरं, पण काम सुरू झालं नव्हतं. नाव मिळालं की माणूस शंका ही आपल्या स्वभावातच आहे असं धरून चालतो, आणि मग रस्त्यावर आपण प्रत्यक्ष काय करतो याकडे बघायचं राहून जातं.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्याने 'रोज एक फोटो'चा नेमही करून पाहिला होता. काही आठवड्यांतच तो रात्री उशिरा खिडकीतून दिव्यांचे फोटो काढून त्या दिवसाचा रकाना भरायला लागला. शिस्त लागावी म्हणून हा उपाय सगळीकडे सुचवतात आणि काहींना तो लागूही पडतो. पण ज्याची मुळात माणसांसमोर उभं राहायची तयारी डळमळली आहे, त्याला या नेमातून पळवाट तेवढी मिळते. फोटो तर रोज होतो, भीती मात्र जिथल्या तिथे.

हार्ड डिस्कवर काय होतं

त्याने मला निवडक फोटोंचा फोल्डर उघडून दाखवायला घेतला. मी तो नंतर बघू म्हटलं आणि सगळे मूळ फोल्डर मागितले, तारखेनुसार, न निवडलेले. निवडलेल्या फोटोंवरून फोटोग्राफरला काय आवडतं ते कळतं. तो रस्त्यावर कसा वागतो हे न निवडलेल्यांतच दिसतं.

पहिलं काम अगदी कोरडं होतं. लाईटरूम या फोटो लावायच्या-निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबत कॅमेऱ्याने आपोआप नोंदलेल्या माहितीचा, फिल्टर असतो. कुठला फोटो कुठल्या लेन्सवर, किती फोकल लेंग्थवर काढला हे त्यात एका क्लिकवर वेगळं करता येतं, आणि किती वाजता काढला तेही बघता येतं. फोकल लेंग्थचा आकडा जितका मोठा, तितक्या लांबून फोटो काढता येतो. ही माहिती प्रत्येक फाईलमध्ये असते, पण स्वतःबद्दल काही जाणून घ्यायला ती उघडणारे फोटोग्राफर मी फार कमी पाहिले. आम्ही वर्षांप्रमाणे बघत गेलो. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळं ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर होतं. मग ५० आली, मग ८५. शेवटच्या दोन वर्षांत ७०-२०० चा झूम, आणि त्यातही बहुतेक फोटो २०० च्या टोकाला. रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूचे. वेळाही सरकल्या होत्या. आधी गर्दीची सकाळ आणि संध्याकाळ होती, पुढे पुढे भल्या पहाटेचे रिकामे रस्ते. फ्रेममधली माणसं लहान होत गेली, मग पाठमोरी झाली, मग नाहीशीच.

तो बराच वेळ ती यादी वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी मागे मागे जात होतो." त्याला वाटत होतं की आपली नजर मेली. आकडे सांगत होते की पाय मागे सरकले. आपल्या फोटोंत आता काही उरलेलं नाही ही त्याची शंका या अर्थाने खरी होती. दूरवरून, लपून काढलेल्या त्या फोटोंत खरंच काही नव्हतं. कुणी त्याला 'छान आहेत रे' म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता, आणि त्याचं बरोबरच होतं.

दुसरी गोष्ट फ्रेम्सच्या क्रमात सापडली. एक प्रसंग सांगते. बसथांब्यावर एक बाई उभी आहे, काखेत गुंडाळलेला मोठा नकाशा किंवा तक्ता, तिच्या खांद्याच्याही वर जाणारा. पहिल्या फ्रेममध्ये ती रस्त्याकडे बघते आहे. दुसऱ्यात वारा आला असावा, तक्त्याचं टोक उलगडून शेजारच्या माणसाच्या तोंडापुढे आलं आहे. तिसऱ्यात त्या माणसाने ते दोन बोटांनी धरलं आहे, बाई वळते आहे, तिचं तोंड उघडलेलं, बहुधा 'माफ करा' म्हणणार. चौथी फ्रेम पलीकडच्या इमारतीच्या छपराची. पुढे काय झालं ते कुठेच नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की माणसाने आपल्याकडे पाहिल्यासारखं वाटलं, म्हणून कॅमेरा वर केला, इमारत काढत असल्यासारखा.

ही 'इमारतीची फ्रेम' नंतर आम्हाला ठिकठिकाणी सापडली. काहीतरी घडायला लागलेलं, दोन किंवा तीन फ्रेम्स, आणि मग अचानक एखादं छप्पर, एखादी तार, आकाश. प्रसंग सोडून दिल्याची ती खूणच होती. त्यानंतर आम्ही मोजत बसलो नाही, खूण दिसली की फक्त 'इथे' असं म्हणायचो.

जिन्याचा मधला टप्पा

तिसरी गोष्ट शोधत नसताना हाती लागली, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं.

त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर रेल्वे ओलांडायचा पादचारी पूल आहे. दोन्ही बाजूंना लांब जिने, मध्ये एक सपाट टप्पा. जुन्या फोल्डरांत या टप्प्याचे फोटो वर्षानुवर्षं पसरलेले होते. सगळे नापास केलेले, एकालाही पसंतीचा तारा दिलेला नाही. का काढले विचारलं तर त्याला सांगता येईना. 'जाता जाता', 'लेन्स तपासायला', 'उजेड बरा होता'. मी ते सगळे एका ठिकाणी ओढून ओळीने लावले आणि मग दोघांनाही दिसलं. जवळपास प्रत्येक फोटोत कुणीतरी हात बदलत होतं. जड पिशवी, सुटकेस, झोपलेलं मूल, सायकलचं चाक. माणूस जिना चढून टप्प्यावर येतो, क्षणभर थांबतो आणि ओझं या हातातून त्या हातात घेतो. त्या क्षणी दोन्ही हात ओझ्याखाली असतात, मान वाकलेली असते, चेहऱ्यावर कुणासाठीही काही नसतं. एका फोटोत सुटकेस हवेतच आहे, एका हाताने सोडलेली, दुसऱ्याने अजून नीट न धरलेली. आणखी एकात मुलाचं डोकं बापाच्या छातीवरून घरंगळून दुसऱ्या खांद्यावर जातं आहे आणि बापाचा तळवा त्या डोक्यामागे उघडा आहे, टेकायच्या आधीचा.

हे सगळं त्याने पाहिलं होतं. इतकी वर्षं, पुन्हा पुन्हा, त्याच टप्प्यावर थांबून. 'नजर नाही' या दाव्याचं उत्तर त्याच्याच कचऱ्यात पडलेलं होतं. त्याने ते फोटो टाकले याचं कारणही कळण्यासारखं आहे. त्यांत डबक्यातलं प्रतिबिंब नाही, सावलीची करामत नाही, सुटा फोटो बघून कुणी 'वा' म्हणेल असं काही नाही. 'चांगला स्ट्रीट फोटो' म्हणून त्याच्या डोक्यात जो साचा बसला होता, त्यात हे बसत नव्हते. सगळं आधीच काढून झालंय ही त्याची तक्रार साच्यातल्या फोटोंबद्दल खरी होती. जिन्यावरचे हे फोटो त्याच्या आधी निदान या ठिकाणी तरी कुणी काढले नव्हते.

पॅरिसचा फोटोग्राफर अत्झे मला अशा वेळी नेहमी आठवतो. १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९२७ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षं, तो जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, दारं, जिने काढत राहिला. हे फोटो तो 'कलावंतांसाठी दस्तऐवज' म्हणून विकायचा. मॅन रे हा अतिवास्तववादी कलावंत आणि त्याच्या वर्तुळातल्या मंडळींना त्यांत वेगळंच काही दिसलं, १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात त्याचे फोटो छापले गेले, पण आपलं नाव घालू नका असं अत्झेचं म्हणणं होतं. त्याच्या मृत्यूनंतर फोटोग्राफर बेरेनिस ॲबटने त्याच्या निगेटिव्ह आणि प्रिंट्स मिळवल्या आणि पुढची अनेक वर्षं त्या जगापुढे आणण्यात घालवली. स्वतःला कलावंत समजणं आणि तशा तोलाचं काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली पहिली नसतानाही दुसरी होऊ शकते, हे या माणसाला मी अत्झेचं उदाहरण देऊन सांगितलं. त्याला ते लगेच पटलं असं नाही, पण पूल त्याने डोक्यातून काढला नाही.

तुलना कशाची कशाशी

शंकेचा एक धागा निव्वळ हिशेबाचा होता. तो स्वतःच्या दिवसभराच्या शंभर-दीडशे फ्रेम्स दुसऱ्यांच्या आयुष्यभरातल्या निवडक फोटोंशेजारी ठेवत होता. हे इतकं सर्रास चालतं की त्यात चूक काय हेच दिसेनासं होतं. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५ ते १९५७ दरम्यान अमेरिकाभर फिरून ७०० हून अधिक रोल, म्हणजे २७,००० च्या वर फ्रेम्स काढल्या. फ्रान्समध्ये १९५८ साली आणि अमेरिकेत १९५९ साली निघालेल्या पुस्तकात त्यातले ८३ फोटो आहेत. साधारण सव्वातीनशे फ्रेम्समागे एक. आणि तो निवडायलाही बराच काळ गेला होता. आमचा हा माणूस दर रविवारी संध्याकाळी एक तरी 'तसला' फोटो मिळाला पाहिजे अशी अपेक्षा ठेवून बसायचा, आणि मिळाला नाही की तो आठवडा आपल्या नालायकीच्या खात्यावर मांडायचा.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा, पॅरिसच्या गार सँ-लाझार या रेल्वे स्टेशनामागचा तो फोटो, १९३२ चा, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, आमच्या बोलण्यात सारखा यायचा. एकाच क्षणी सगळं जुळून आलेला फोटो म्हणून तो ओळखला जातो. पण कॅमेरा कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून रोखलेला होता आणि पूर्ण फ्रेममध्ये फळीचा भाग आला होता. एरवी फोटो क्रॉप करायला, म्हणजे त्याच्या कडा कापायला, ठाम विरोध असलेल्या कार्तिए-ब्रेसाँचा हा क्रॉप केलेल्या मोजक्या फोटोंपैकी एक. मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेतल्यांच्या कॉन्टॅक्ट शीट्स, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम्स ओळीने छापलेले कागद, २०११ मध्ये पुस्तकरूपात आल्या, त्या मी त्याच्यापुढे ठेवल्या. प्रसिद्ध फोटोच्या आजूबाजूच्या फ्रेम्स बघायला मिळणं हे मोठं शिक्षण आहे. तिथे हुकलेले क्षण आहेत, तिरपी क्षितिजं आहेत, कुणाचा तरी खांदा मध्ये आलेला आहे. पण फोटोग्राफर तिथेच उभा आहे, पुढच्या फ्रेममध्येही. आपल्या छपराच्या फ्रेम्सशी ही तुलना आमच्या माणसाने स्वतःच केली, मला बोलावं लागलं नाही.

आम्ही काय बदललं

सगळ्यात आधी पुसणं बंद. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर बघून जागच्या जागी फोटो उडवायची त्याची सवय होती. तो पडदा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, ढोबळमानाने तपासायला ठीक आहे, निवडीला तो उपयोगाचा नाही. शिवाय त्या क्षणी फोटो काढताना आलेला संकोच अंगात ताजा असतो, त्यामुळे आपण फोटो न बघता संकोच बघतो. पडद्यावर फोटो आपोआप दिसणं बंद केलं आणि घरी गेल्यावर फाईली फक्त उतरवून ठेवायच्या, दोन आठवडे उघडायच्या नाहीत असं ठरलं.

अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड काढलेले रोल मुद्दाम बराच काळ तसेच ठेवायचा, काढतानाची भावना निवडीत मिसळू नये म्हणून. पण त्याचं पुढे काय झालं तेही विसरून चालत नाही. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल डेव्हलपच झालेले नव्हते. त्याच्या त्या शेवटच्या कामाची निवड दुसऱ्यांनी करावी का, यावर आजही मतभेद आहेत. म्हणून आमच्या दोन आठवड्यांना शेवटची हद्दही होती. पंधराव्या दिवशी फाईल उघडायचीच, मन असो वा नसो. थांबणं आणि टाळणं यांत फरक तारखेने पडतो, असं मला वाटतं.

मग लेन्स. झूम कपाटात, ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर. त्याचा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आहे, त्यावर अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/८ आणि फोकस हाताने तीन मीटरवर ठेवला तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंदावर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. याला झोन फोकसिंग म्हणतात आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. फायदा नुसता वेगाचा नाही. ऑटोफोकस चाचपडत असताना कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहावं लागतं, आणि संकोच नेमका त्या उभं राहण्यात वाढतो. इथे ठरवण्यासारखं एकच उरतं : तीन मीटरवर आहोत का? 'मी इथे असायला हवा का' या प्रश्नाची जागा अंतराच्या प्रश्नाने घेतली. पायांनी सोडवायचा प्रश्न मनाला कमी छळतो.

आणि एकच जागा. शहरभर भटकायचं नाही, पुलाच्या टप्प्यावर उभं राहायचं, गर्दीच्या वेळी, कॅमेरा गळ्यात उघडा ठेवून. लपणं बंद. चोरी केल्यासारखं वाटतं याचं मोठं कारण तो खरोखर चोरट्यासारखा वागत होता हे होतं : कॅमेरा कमरेजवळ, नजर दुसरीकडे, क्लिक झाल्यावर काढता पाय. आम्ही फोटोनंतरच्या वागण्यावर नियम केला. शटर दाबल्यावर जागा सोडायची नाही. माणसाने पाहिलं तर पाहून मान हलवायची. विचारलं तर खरं सांगायचं : या टप्प्यावर लोक हात बदलतात, त्याचे फोटो काढतो आहे. नको म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसायचा, इथे 'पुसायचं नाही' हा नियम लागू नाही. सार्वजनिक जागेतल्या फोटोंचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते प्रत्येकाने आपापले जाणून घ्यावेत, पण कायद्याने परवानगी असली तरी समोरच्याची नाराजी अंगावर ओढून घ्यायला ते कारण पुरेसं नाही.

पहिले काही दिवस त्याला घाम फुटायचा. एका बाईने विचारलं, "कशाचे काढतोयस?" त्याने सांगितलं. तिने स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, ती नुकतीच उजवीकडून डावीकडे आली होती, आणि ती हसायला लागली. "खरंच की!" म्हणाली आणि गेली. त्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता. काही जण नाहीही म्हणाले. एकाने आवाज चढवला, त्याचा फोटो पुसला गेला, आणि त्यानंतरही आमचा हा माणूस तासभर तिथेच उभा राहिला. माझ्या लेखी तो तास त्या महिन्यातल्या कुठल्याही फोटोपेक्षा मोठा आहे.

ऑनलाइन काहीच टाकायचं नाही, ही शेवटची अट. त्याने सर्वांत जास्त कुरकुर हिच्यावर केली. मला ती आवश्यक वाटली, कारण फोनवर बोटभर आकारात, सेकंदाच्या आत पसंत-नापसंत होणारा फोटो सावली, रंग आणि भूमितीच्या जोरावरच तरतो. हात बदलण्याचा फोटो तिथे बुडणार, आणि तो बुडाला की शंकेला आयता पुरावा मिळणार.

टेबलावर

अडीचेक महिन्यांनी आम्ही छोटे प्रिंट काढले, साधे, पोस्टकार्डाएवढे, जुन्या टाकलेल्यांतले आणि नवे मिसळून. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि प्रत्येकाला एकट्याने पास व्हावं लागतं. टेबलावर फोटो एकमेकांशेजारी येतात आणि कोण कुणाला आधार देतो ते कळतं. त्याला मी 'चांगला' आणि 'वाईट' हे शब्द वर्ज्य केले. प्रत्येक प्रिंट उचलून त्यात काय घडतंय ते एका वाक्यात सांगायचं. सांगता आलं तर डावीकडे, नाही आलं तर उजवीकडे, आणि सांगता येत नाही पण हातातून सुटतही नाही, तो मध्ये.

गंमत अशी की त्याचा सर्वाधिक वाखाणलेला जुना फोटो, पुलाच्या कठड्याच्या सावल्यांतून चालणारी आकृती, त्याने स्वतः उजवीकडे ठेवला. "यात फक्त सावली घडतेय," म्हणाला. सुटकेस हवेत असलेला फोटो डावीकडे गेला. बापाच्या उघड्या तळव्याचा मध्ये, आणि तो अजूनही मध्येच आहे. दिवस संपताना तो स्वतःच्या फोटोंबद्दल दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल बोलावं तसं बोलत होता : हा जवळचा आहे पण गर्दीने पोट भरलंय, इथे हात दिसायला हवे होते, हा उद्या परत काढता येईल. शंका तिथेही होती. फक्त आधी ती 'मी' या शब्दाने सुरू व्हायची, आता 'हा फोटो' या शब्दांनी. त्या दिवसानंतर सामान विकायचा विषय निघाला नाही.

सध्या

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. एका सामूहिक प्रदर्शनासाठी त्याने मालिकेतले काही फोटो पाठवले, ते परत आले, कारण न देता. आठवडाभर तो गप्प होता. फाईली तपासल्या तेव्हा त्या आठवड्यात दोन छपरं सापडली, तीही त्यानेच दाखवली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तीन मीटरवर होता. फोकल लेंग्थ आणि वेळा आम्ही आता दर तिमाहीला बघतो. जुना घसरणीचा रस्ता परत सुरू झाला तर तो मनात जाणवायच्या आधी मेटाडेटात दिसेल, हा त्यामागचा साधा हिशेब.

नवीन अडचण वेगळी आहे. पुलाला सरकते जिने बसणार आहेत, कामाचे पत्रे लागलेत. सरकत्या जिन्यावर माणसाला थांबावं लागत नाही, म्हणजे हात बदलायचं कारणच उरणार नाही. मालिका इथे संपते असं माझं मत आहे, चोवीस फोटोंत, शेवटचा पत्र्यांपुढे हात बदलणाऱ्या मजुराचा. त्याला चाळीस हवे आहेत, आणि पत्रे लागल्यावर लोक ओझं घेऊन कुठून जायला लागले ते शोधत तो सध्या पलीकडच्या भुयारी मार्गात उभा राहतो. तिथे उजेड फार कमी आहे, एफ/८ चं लहान छिद्र परवडत नाही, फोकसचा पट्टा एफ/२.८ वर जेमतेम मीटर-सव्वा मीटरचा उरतो आणि त्याच्या निम्म्या फ्रेम्स हलतात. मी त्याला तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचे चोवीस तुम्ही ठेवा. भुयारातले मी पुढच्या महिन्यात आणतो, मग बोलू."